खुर्चीतला माणूस

२००६ च्या पावसाळ्यातला एक शनिवार. आमच्या सिनेमा मंडळाने भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल, खिडक्यांना काळ्या चादरी, पत्र्यावर पाऊस आणि आत साठेक माणसं. पडद्यावर युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन पोहण्याची शर्यत जिंकत होता. जिंकत होता म्हणजे शेजारच्यांच्या वाटेत सरळ आडवा घुसत होता. हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते दुसऱ्या रांगेतले म्हापशाकडचे एक वयस्क गृहस्थ. त्यांची उमेदीची वर्षं एन्टेबेला सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेली होती. ऑगस्ट १९७२ मध्ये अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला फर्मावलं, तेव्हा ते एक ट्रंक घेऊन तिथून निघाले. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच वाटलं की आजोबांना सिनेमा भलताच आवडलेला दिसतो.

थोड्या वेळाने मंत्रिमंडळाच्या बैठकीचा प्रसंग आला. लांबलचक टेबल, त्याभोवती मान खाली घालून लिहून घेणारे मंत्री आणि बोलणारा एकटा अमीन. चौथीच्या वर्गाला मास्तरांनी झापावं तसं त्यांना झापणं चाललंय. परराष्ट्र खात्याच्या कामावर तो नाराज आहे. कॅमेरा परराष्ट्रमंत्र्याच्या चेहऱ्यावर जातो आणि निवेदक सपाट आवाजात सांगतो की दोन आठवड्यांनी या माणसाचं प्रेत नाईल नदीत सापडलं. मायकेल ओंडोगा त्याचं नाव. हॉलमधलं हसू जिथल्या तिथे थांबलं. म्हापशाचे आजोबा पुढे वाकून, दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून बसले, ते शेवटपर्यंत तसेच.

शेवटी अमीन डॉक्टरांच्या सभेत बसलेला दिसतो. इतका वेळ अखंड बोलणारा हा माणूस आता ऐकतोय. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जातो आणि हलायचं नाव घेत नाही. अमीनचे डोळे डावीकडे जातात, उजवीकडे जातात, कपाळावर घाम दिसतो की उजेड, ते कळत नाही. तो कंटाळलाय, चिडलाय की धास्तावलाय? नेमक्या त्याच क्षणी आमच्या प्रोजेक्शनवाल्या काकांनी सिनेमा संपला असं समजून दिवे लावले. आजोबा मागे वळून म्हणाले, "दिवे कशाला लावले? मी बघत होतो ना त्याला."

या पुस्तकातल्या टिपणांची सुरुवात त्या वाक्यापासून झाली, असं म्हणायला हरकत नाही.

तो माहितीपट १९७४ चा. दिग्दर्शक बार्बे श्रोडर, कॅमेरा नेस्तोर आल्मेंद्रोसचा. अमीनने त्यांना येऊ दिलं, फिरू दिलं, कारण आपल्यावर सिनेमा निघावा ही हौस त्याचीच होती. काय दाखवायचं हेही बरंचसं त्यानेच ठरवलं. नाईलमधून नावेत बसून फेरफटका, काठावरच्या हत्तींना हाका, गोलन टेकड्यांवर हल्ला कसा करायचा याची मूठभर सैनिकांनिशी रंगीत तालीम. एका ठिकाणी तर तो कॅमेऱ्याला बोट करून, ते बघा हेलिकॉप्टर, त्याचं चित्र घ्या, असं फर्मावतो आणि कॅमेरा मुकाट तिकडे वळतो. पार्श्वसंगीतातलं अकॉर्डियनही अमीननेच वाजवलेलं आहे. श्रोडरने सिनेमाच्या नावातच 'आत्मचित्र' हा शब्द घातला.

पुढची हकीगत सिनेमाइतकीच सांगण्यासारखी आहे. श्रोडरने अमीनला दाखवण्यासाठी एक छोटी प्रत दिली आणि युरोपात मोठी लावली. अमीनने लंडनला माणसं पाठवून मोठ्या प्रतीतला शब्दन् शब्द उतरवून घेतला. काही तुकडे काढून टाका, असा निरोप आला. श्रोडरने नकार दिला. तेव्हा अमीनने युगांडातल्या फ्रेंच नागरिकांना एका हॉटेलात कोंडलं, भोवती सैन्य उभं केलं आणि त्यांच्या हातात श्रोडरचा फोन नंबर दिला. मग अडीचेक मिनिटांची कात्री लागली. १९७९ मध्ये अमीन पळून गेल्यावर ती अडीच मिनिटं परत आपल्या जागी आली.

म्हणजे ज्याच्यावर सिनेमा आहे तोच संगीतकार, तोच सेन्सॉर. एवढं सगळं हातात असूनही शेवटच्या त्या क्लोजअपवर त्याची सत्ता चालली नाही. का चालली नाही, हे मला गेली अठरा-वीस वर्षं छळणारं कोडं आहे. पुढची टिपणं म्हणजे त्याच्याभोवती घातलेल्या प्रदक्षिणा.

आपल्या जुन्या दप्तरांत 'कैफियत' नावाचा कागद सापडतो. वतनाचा तंटा उभा राहिला की पाटील, देशमुख, जोशी आपापली बाजू लिहून देत. आमचा मूळपुरुष अमुक, त्याने गाव वसवला, मग मधल्या काळात भाऊबंदांनी कसा दगा केला, वगैरे. कैफियत लिहिणारा खोटं बोलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. न्यायाला बसलेल्यांना, प्रतिपक्षाला आणि दोनशे वर्षांनी ते बाड सोडणाऱ्या संशोधकालाही. तरी कुणी ती टाकून देत नाही. कारण वतनाचा हक्क सिद्ध करण्याच्या नादात माणूस भलतंच काही सांगून जातो. दुष्काळात कोण गाव सोडून गेलं, कुणाची मुलगी कुठे दिली, बैल कितीला घेतला. ही माहिती देण्याचा त्याचा इरादा नव्हता, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींवर त्यांनी कडक प्रहार केले आणि अस्सल पत्रांची बाजू घेतली. (प्रस्तावना लिहिणाऱ्या कुणाही मराठी माणसाला राजवाड्यांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांच्या प्रस्तावनांचाच पुढे वेगळा ग्रंथ झाला. ही प्रस्तावना तेवढी वाढणार नाही, एवढं आश्वासन देते.) राजवाड्यांचा मुद्दा बरोबरच होता. पण मला वाटतं, वादग्रस्त माणसावरचा माहितीपट ही ना बखर, ना अस्सल पत्र. ती कैफियत आहे. एकेका सिनेमात तर दोन कैफियती असतात. एक खुर्चीत बसलेल्याची आणि दुसरी कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्याची.

माझ्या पिढीला थोर माणसं पडद्यावर भेटली ती मुख्य सिनेमाच्या आधी. फिल्म्स डिव्हिजनची रीळं दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं. पूर, धरणाचं उद्घाटन, कुटुंब नियोजन आणि मधूनच एखादं चरित्र. बाहेर शेंगदाणे घेणारे लोक म्हणायचे, "चल रे सावकाश, अजून न्यूज रीळच चालू आहे." त्या चरित्रांत थोर पुरुषाचा जन्म नेहमी एखाद्या नदीकाठच्या गावी होई, शाळेत तो हुशार असे, आणि मृत्यूच्या वेळी हमखास सूर्यास्त. निवेदकाचा आवाज असा की आक्षेप घ्यायची सोय नाही. मी त्या रीळांची चेष्टा करते आहे खरी, पण त्यांतल्या कित्येकांनी जे चेहरे, जे आवाज जपले ते दुसऱ्या कुणीही जपले नसते. तक्रार वेगळीच आहे. ज्याच्यावर लोक भांडत होते, त्या माणसातलं भांडण तेवढं त्यांतून नेमकं गायब व्हायचं.

हा वारसा बराच जुना आहे, आणि तो घरचाच आहे. भारतात वर्तमान घटनेवर पहिल्यांदा कॅमेरा रोखला तो सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरमध्ये मुंबईला परतले, त्यांच्या स्वागताचं त्यांनी चित्रण केलं. सत्कार, हारतुरे, गर्दी. पुढे हेच परांजपे देव न मानणारे म्हणून कित्येकांच्या टीकेचे धनी झाले, पण त्या रीळात ते असणार कुठून!

टिपणांत सगळ्यांत मोठं आहे ते रॉबर्ट मॅक्नमारावरचं. एरल मॉरिसच्या 'द फॉग ऑफ वॉर'वर (२००३) मी जरा जास्तच लिहिलं, असं मित्रांचं म्हणणं आहे. असेल. १९६१ ते १९६८ अमेरिकेचा संरक्षणमंत्री असलेला, व्हिएतनामचं युद्ध ज्याच्या नावावर मांडलं जातं असा हा गृहस्थ पंचाऐंशीव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर बसला. मॉरिसने त्याच्यासाठी एक यंत्र वापरलं. टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांसमोर असतो तसा टेलिप्रॉम्प्टर, फक्त त्यावर अक्षरांऐवजी मॉरिसचा चेहरा. मुलाखत देणारा मुलाखत घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाहतो, पण प्रत्यक्षात तो भिंगात पाहत असतो, म्हणजे आपल्याकडे. सत्तेतली माणसं सहसा असं सरळ बघत नाहीत. मॅक्नमाराला बघावं लागतं.

आणि मॅक्नमारा बोलतो छान. आकडे तोंडपाठ, वाक्यं घोटीव, बोट उगारून मुद्दा सांगायची सवय. १९४५ च्या मार्चमध्ये एका रात्रीत टोकियोवर आगीचे बाँब टाकून अमेरिकेने लाखभर माणसं जाळली. तेव्हा तो जनरल लमेच्या हाताखाली हिशेब करणारा तरुण अधिकारी होता. मॉरिस इथे एक गोष्ट करतो, ती पाहून मी खुर्चीत सावरून बसले होते. पडद्यावर जपानी शहरांची नावं येतात, किती टक्के शहर जळलं तो आकडा येतो आणि शेजारी तेवढ्याच आकाराच्या अमेरिकन शहराचं नाव. टोकियो एक्कावन्न टक्के, न्यूयॉर्क. तोयामा नव्व्याण्णव टक्के, चॅटानुगा. नावं भराभर सरकत जातात. दुसऱ्या एका दृश्यात विमानातून बाँबऐवजी आकडे पडताना दिसतात. आपण युद्ध हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते, असं लमे म्हणायचा हे मॅक्नमारा सांगतो, आणि ते त्याला मान्यही आहे. हा कबुलीजबाब सगळ्यांना आठवतो. वर्तमानपत्रांत तोच आला.

मला आठवतो तो दुसराच क्षण. मॅक्नमाराचे डोळे भरून येतात, आवाज फुटतो, तो गप्प होतो. कधी? टोकियोबद्दल बोलताना नाही, व्हिएतनामबद्दल नाही. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत केनेडीच्या थडग्यासाठी जागा कशी निवडली ते सांगताना. मेलेल्या मित्रासाठी या माणसापाशी अश्रू आहेत. लाखभर अनोळखी लोकांसाठी त्याच्यापाशी फार चांगली वाक्यं आहेत. मॉरिस यावर एक शब्द बोलत नाही, आणि बोलला असता तर मी त्याला माफ केलं नसतं. सिनेमाच्या शेवटी तो विचारतो की मंत्रिपद सोडल्यावर तुम्ही युद्धाविरुद्ध जाहीरपणे का बोलला नाहीत. तिथे मॅक्नमारा दार लावून घेतो. सिनेमाची अकरा धड्यांत केलेली मांडणी मॉरिसची आहे. मॅक्नमाराला ती पसंत नव्हती, त्याने आपले स्वतःचे दहा वेगळे काढून दिले. पाहा, कैफियतीला पुरवणी!

त्याच मॉरिसने दहा वर्षांनी आणखी एका माजी संरक्षणमंत्र्याला, डोनाल्ड रम्सफेल्डला, त्याच यंत्रासमोर बसवलं. रम्सफेल्ड हसत राहिला. सिनेमाभर हसत राहिला. ते टिपण दीड पानांचं आहे, कारण हसण्याच्या मागे हात पोचत नाही. यंत्र तेच, दिग्दर्शक तोच, तरी माणूस निसटतो. हे पाहिल्यापासून 'तंत्र' या शब्दावरचा माझा विश्वास थोडा कमी झाला.

लेनी रीफेनस्टालचं प्रकरण आणखी अवघड, कारण ती खुर्चीत बसली तेव्हा तिला कॅमेऱ्यातलं समोरच्यापेक्षा जास्त कळत होतं. १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर 'ट्रायम्फ ऑफ द विल' करणारी ही बाई. राय म्यूलरने तिच्यावर तीन तासांचा माहितीपट केला (१९९३), तेव्हा ती नव्वदीची होती. चालता चालता बोला, असं त्याने सुचवलं की ती भांडायला उठते, उजेड कुठून यायला हवा ते सांगते. राजकारणाबद्दल विचारलं की मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, मी कलावंत. हे उत्तर तिने पन्नास वर्षं घासून गुळगुळीत केलेलं आहे. मग म्यूलर तिला संकलनाच्या टेबलाशी बसवतो आणि तिचाच सिनेमा लावतो. झेंडे, संचलन, लय. आणि बाई खुलते! हातांनी दाखवते की ही हालचाल इथे संपते, तिथून पुढची उचलायची. चेहऱ्यावर निखळ आनंद. जे दिसतंय ते कुणाचं संचलन आहे, याची आठवण त्या हातांना नाही. पश्चात्तापाबद्दलचे शंभर प्रश्न विचारूनही जे हाती लागलं नसतं, ते या अर्ध्या मिनिटात मिळतं.

तिच्यावर आधीही एक सिनेमा झाला होता. 'टीफलांट' या आपल्या चित्रपटात तिने साल्झबर्गजवळच्या माक्सग्लान छावणीतल्या रोमा आणि सिंती माणसांना गर्दीत उभं केलं. त्यांतल्या बऱ्याच जणांना नंतर ऑशविट्झला नेलं. त्यातून वाचलेल्यांना नीना ग्लाडिट्झने १९८२ मध्ये बोलतं केलं. रीफेनस्टाल कोर्टात गेली. चारांपैकी तीन मुद्द्यांवर कोर्टाने ग्लाडिट्झच्या बाजूने निकाल दिला, एक तुकडा काढायला सांगितला. ग्लाडिट्झने तो काढायला नकार दिला आणि सिनेमा कपाटात गेला. इदी अमीनला त्यासाठी हॉटेल वेढावं लागलं होतं. इथे वकील पुरले. रीफेनस्टाल २००३ मध्ये एकशे एकाव्या वर्षी वारली. तिच्या मागे राहिलेली सातशे खोकी उघडून आंद्रेस फायलने २०२४ मध्ये नवा माहितीपट केला. त्या खोक्यांत टेप केलेले टेलिफोन आहेत. १९७६ च्या एका टीव्ही कार्यक्रमानंतर तिला पाठिंबा द्यायला लोकांनी केलेले. तिने ते जपून ठेवले होते! आपल्या बाजूचे पुरावे म्हणून ठेवले असणार, आणि तेच आता उलटून साक्ष देताहेत. कैफियतीचं हे असंच असतं.

रीफेनस्टालच्या निमित्ताने एक गोष्ट सांगून टाकते, मग ती टिपणांत पुन्हा पुन्हा आलेली दिसली तर कंटाळू नका. हिटलरवरचा जवळजवळ कुठलाही माहितीपट लावा, तुम्हाला तिने घेतलेली दृश्यं दिसतील. ढगांतून उतरणारं विमान, खालून घेतलेला हिटलर, शिस्तीत उभी गर्दी. महायुद्धात फ्रँक काप्राने अमेरिकन सैनिकांना शत्रू दाखवण्यासाठी तीच वापरली. इंग्लंडात चार्ल्स रिडलीने त्यातले सैनिक मागेपुढे करून त्यांना एका नाचाच्या गाण्यावर नाचवलं, तो गमतीचा भाग वेगळा. पण निवेदन कितीही निषेधाचं असो, डोळ्यांना दिसतो तो तिचाच हिटलर. उंच, एकटा, भारलेल्या गर्दीसमोर. शब्द एकीकडे ओढतात, चित्र दुसरीकडे. आणि अंधारात बसलेल्या माणसावर चित्राचा जोर जास्त चालतो, हे आम्ही त्या हॉलमध्ये अनेकदा पाहिलं. एकदा असा सिनेमा संपल्यावर कॉलेजातला एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, पण शिस्त काय होती ना!" त्याला उत्तर द्यायला मला पुढचे तीन शनिवार लागले.

मग खुर्ची रिकामी असेल तर? क्लाऊस बार्बी हा लियाँ शहरातला गेस्टापोचा प्रमुख. युद्धानंतर अमेरिकन हेरखात्याने त्याला कामाला लावलं, मग बोलिव्हियात आल्टमान या नावाने तो तीस वर्षं सुखाने राहिला. १९८३ मध्ये त्याला फ्रान्सला आणलं, १९८७ मध्ये जन्मठेप झाली. मार्सेल ऑफ्यूल्सने त्याच्यावर 'होटेल टर्मिनस' (१९८८) केला, साडेचार तासांचा, आणि त्यात बार्बी जवळजवळ नाहीच. आहेत ती आजूबाजूची माणसं. त्याच्याबरोबर काम केलेले, धंदा केलेले, त्याच्या जाचातून वाचलेले आणि आता कशाला जुनी मढी उकरता म्हणणारे. आमच्याकडे तो दोन शनिवार चालला, दुसऱ्या शनिवारी निम्मी माणसं आली. जी आली, त्यांनी जिन्याचा प्रसंग पाहिला. सिमोन लाग्रांज ही बाई, लहानपणी जिथून आईबापांसकट पकडून नेली त्या इमारतीत परत आली आहे. तेव्हा जिन्यावरून खाली नेताना सगळी दारं बंद होती. एकच दार उघडलं, मादाम बोंतू नावाच्या शेजारणीचं. तिने मुलीला आत ओढून घ्यायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. चित्रीकरण चालू असताना त्या काळापासून तिथे राहणारी एक शेजारीण बाहेर येते आणि जे बोलणं होतं, ते मी इथे सांगणार नाही, पाहायलाच हवं. साडेचार तासांचा हा सिनेमा, बार्बीच्या नावाने ओळखला जाणारा, ऑफ्यूल्सने अर्पण केला आहे मादाम बोंतूला. एक चांगली शेजारीण म्हणून.

इथवर सगळं परक्यांचं झालं. परक्या खलनायकांवर चर्चा करणं सोपं असतं, चहा गरम राहतो. चहा गार झाला तो विठ्ठलभाई झवेरींच्या 'महात्मा'च्या संध्याकाळी.

झवेरींनी दी. गो. तेंडुलकरांबरोबर आठ खंडांचं गांधीचरित्र मुंबईत छापलं आणि मग वर्षानुवर्षं फिरून, जगभरातून तुकडे गोळा करून १९६८ मध्ये हा माहितीपट उभा केला. तेहतीस रीळं, साडेपाच तासांच्या आसपास. त्याच्याही आधी, १९४० मध्ये, ए. के. चेट्टियार या तमिळ पत्रकाराने असाच देशोदेशी हिंडून गांधींवरचा पहिला मोठा माहितीपट केला होता. गांधींना स्वतःला सिनेमाचं कौतुक नव्हतं. १९४४ मध्ये जुहूला विजय भट्टांचा 'रामराज्य' त्यांनी थोडा पाहिला, ही तेव्हाही बातमीच झाली. आणि तरी त्या काळात इतकं चित्रण झालेला दुसरा भारतीय शोधावा लागेल. कॅमेऱ्यासमोर ते अमीनसारखा देखावा करत नाहीत, मॅक्नमारासारखे मुद्देही मांडत नाहीत. चालत राहतात. कॅमेऱ्याला मागे धावावं लागतं. हीसुद्धा एक योजना असू शकते, असं मी त्या दिवशी बोलून गेले आणि पहिल्या रांगेतल्या दोन खादीधारी आजोबांचा रोष ओढवून घेतला.

आम्ही त्यातले निवडक भाग दाखवले, पुणे करारापर्यंत. मग पडदा काळा ठेवला आणि फक्त आवाज लावला. १९५५ च्या शेवटी बीबीसीने ध्वनिमुद्रित केलेली डॉ. आंबेडकरांची मुलाखत. इंग्रजी, किंचित थकलेला आवाज, मध्ये खरखर. मी गांधींना विरोधक म्हणून भेटलो, त्यामुळे भक्तांपेक्षा मला ते जास्त चांगले कळले, अशा अर्थाचं ते बोलतात, आणि त्यानंतर कुठलीही साखर न लावता बोलत जातात. नुकताच साडेपाच तासांच्या सिनेमातला गांधी डोळ्यांसमोर, आणि कानांत हे. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही.

नंतर जे भांडण झालं ते दोन तास चाललं. त्या दिवसाचं टिपण लिहिताना मला ज्यांची बाजू घ्यायची होती ती मी घेतलेली आहे, वाचकाला ती दिसेल. पण एका बाईंचं बोलणं नोंदवल्याशिवाय राहवत नाही. त्या बाबासाहेबांचं सगळं वाचलेल्या होत्या, आवाज मात्र इतका वेळ सलग पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बोलण्याआधी ते थांबतात किती! पुस्तकात ते थांबणं येत नाही."

त्या थांबण्यासाठीच मी हे सिनेमे पाहते, असं मला तेव्हा कळलं. उत्तर तयार असतं, ते आधी शंभरदा दिलेलं असतं, तरी ओठांवर येण्याआधी एक निमिष जातं. अमीनचे फिरणारे डोळे, मॅक्नमाराचं गप्प होणं, रीफेनस्टालचे हात, बाबासाहेबांचा श्वास. एकाच ओळीत या चौघांची नावं घेतल्याबद्दल कुणी रागावेल, पण ही तुलना माणसांची नाही, कॅमेरा आणि टेप काय पकडतात त्याची आहे. सत्य सांगणाऱ्यालाही थांबावं लागतं आणि लपवणाऱ्यालाही. दोन्ही थांबण्यांत फरक कसा करायचा, त्याचा नियम मला सापडलेला नाही. टिपणांत तुम्हाला माझे अंदाज दिसतील, त्यांतले दोन तरी साफ चुकले आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत.

अलीकडच्या माहितीपटांवर पुस्तकात फार नाही. ड्रोनने घेतलेला डोंगर, तेलाच्या दिव्याशी पाठमोरा बसलेला नट, दर आठ मिनिटांनी छाती दडपवणारं संगीत, याबद्दल लिहिण्यासारखं मला काही सुचत नाही. आणि आता मेलेल्या माणसाच्या आवाजात यंत्राकडून वाक्यं म्हणवून घेण्याची सोय झाली आहे. अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेनवरच्या 'रोडरनर'मध्ये (२०२१) तसं केलं आणि प्रेक्षकांना ते नंतर कळलं. वाक्यं त्याचीच होती, असं सांगण्यात आलं. असतील. पण ती म्हणताना तो कुठे अडखळला असता, ते यंत्राला कोण सांगणार?

आता कामाचं बोलते. टिपणं तेवीस आहेत आणि ती कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतात, फक्त सिनेमा आधी पाहावा. बहुतेक टिपणं दाखवण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेली, त्यामुळे त्यांत रागलोभ तसाच राहिला आहे. पुस्तकासाठी भाषा सुधारली, मत सुधारलं नाही. तारखा आणि तपशील मात्र पुन्हा तपासले. मंडळ आता बंद पडलं, हॉलच्या जागी इमारत उभी राहते आहे. म्हापशाचे आजोबा पुढची तीन वर्षं नियमित येत होते, नेहमी दुसऱ्या रांगेत.

आणि आमचे प्रोजेक्शनवाले काका. त्या अमीनच्या रात्रीनंतर त्यांनी पुन्हा कधी आपणहून दिवे लावले नाहीत. नावं वर सरकून संपायची, पडदा पांढरा व्हायचा, तरी अंधारच. मग मागच्या बाजूने दबका आवाज यायचा, "ताई, झालं का बघून सगळ्यांचं?"